रनिंग बॅकचा जोर खरंच ओसरला का? वाद घालण्याआधी तपासायच्या गोष्टी

२०२३ च्या ऑक्टोबरमधला शनिवार. कोलंबसहून मेव्हणा आला होता, तो ओहायो स्टेट विद्यापीठाचा चाहता, आणि ॲन आर्बरच्या आमच्या घरात मिशिगन विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा सामना लागला होता. मिशिगन मोठ्या फरकाने पुढे होती, त्यामुळे निकालाची कोणाला चिंता नव्हती. चर्चा एकाच माणसाची चालली होती, मिशिगनच्या रनिंग बॅकची, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूची. डोनोव्हन एडवर्ड्सला चेंडू मिळायचा, दोन यार्ड पुढे जायचा, ढिगाऱ्याखाली गडप व्हायचा. पुन्हा चेंडू, पुन्हा तीन यार्ड.

“दाजी, तुमचा हा एडवर्ड्स आता धडक द्यायलाच कचरतो,” मेव्हणा म्हणाला. “गेल्या वर्षी आमच्या मैदानावर हाच वाऱ्यासारखा सुटला होता ना?”

सुटला होता खरा. २६ नोव्हेंबर २०२२ ला कोलंबसमध्ये ओहायो स्टेटविरुद्ध २२ कॅरीत (चेंडू घेऊन केलेल्या धावांत) २१६ यार्ड, त्यात ७५ आणि ८५ यार्डांचे दोन टचडाउन, म्हणजे चेंडू थेट शेवटच्या रेषेपार. मिशिगन ४५-२३ जिंकली. मग एका वर्षात असं काय झालं? त्या दिवशी मी तावातावाने बोललो, पण हातात धरायला काहीच नव्हतं. त्यानंतरच्या दोन हंगामांत मी वही घेऊन बसायला लागलो, आणि आता माझी एक पद्धत ठरली आहे. कॉलेज फुटबॉल पाहणाऱ्या, आपल्या संघाच्या रनिंग बॅकवरून घरात किंवा ऑफिसात वाद घालणाऱ्या सगळ्यांसाठी ती इथे सविस्तर मांडतो.

पद्धतीचं मूळ एवढंच: रनिंग बॅकच्या नावावर लिहिलेले सगळे यार्ड त्याचे नसतात. त्याला बचावपटूचा पहिला हात लागेपर्यंतचे यार्ड बरेचसे पुढच्या पाच जणांनी, म्हणजे बचावपटूंना अडवून वाट करणाऱ्या ‘लाइन’ने, कमावलेले असतात. तो हात लागल्यावर जे मिळतात ते त्याचे. “जोर ओसरला” म्हणायचं असेल तर त्या दुसऱ्या भागाबद्दल बोलायला हवं.

आधी आरोप नेमका करा

“तो पूर्वीसारखा राहिला नाही” या वाक्यात निदान तीन आरोप आहेत. एक, यार्ड कमी झाले. दोन, वेग किंवा चपळाई कमी झाली. तीन, अंगावर घ्यायची तयारी कमी झाली. तिन्ही वेगळे आहेत आणि तिन्हींची तपासणीही वेगळी. वेग तसाच असून यार्ड कमी होऊ शकतात. वेग गेलेला माणूसही धडक तितकीच जोरात देऊ शकतो. समोरच्याला विचारा, “तुझं म्हणणं यातलं कोणतं?” अर्धे वाद इथेच मिटतात, कारण एक जण आकड्यांबद्दल बोलत असतो आणि दुसरा हिमतीबद्दल.

सरासरी फोडून पाहा

एडवर्ड्सचे आकडे घेऊ. २०२२ मध्ये १४० कॅरी, ९९१ यार्ड, म्हणजे कॅरीमागे ७.१. २०२३ मध्ये ११९ कॅरी, ४९७ यार्ड, म्हणजे ४.२. नुसतं एवढं पाहिलं तर मेव्हण्याचं बरोबर वाटतं.

आता ७.१ फोडा. ओहायो स्टेटच्या सामन्यातल्या त्या दोन धावा मिळून १६० यार्ड होतात. त्या बाजूला ठेवल्या तर उरलेल्या २० कॅरीत ५६ यार्ड, म्हणजे २.८. त्याच हंगामात ३१ डिसेंबरला हंगामाअखेरच्या फिएस्टा बोल सामन्यात टीसीयूविरुद्ध (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ) पहिल्याच प्लेला, म्हणजे पहिल्याच चालीत, तो ५४ यार्ड गेला. सामन्याअखेर त्याच्या नावावर २३ कॅरीत ११९ यार्ड होते. ती पहिली धाव काढली तर २२ कॅरीत ६५, म्हणजे तीन यार्डही नाहीत.

हे हिशेब करताना मी थबकलो होतो. ज्या वर्षाचं आपण एवढं कौतुक करत होतो त्या वर्षातही, लांब धाव सुटली नाही तर तो दोन-तीन यार्डांवरच थांबत होता. २०२३ मध्ये नवीन काही घडलं नव्हतं, लांब धावा तेवढ्या आटल्या होत्या. आणि हंगामाच्या अगदी शेवटी, ८ जानेवारी २०२४ ला ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनविरुद्धच्या अंतिम सामन्यात, पहिल्याच क्वार्टरमध्ये त्या दोनदा आल्या: ४१ आणि ४६ यार्डांचे दोन टचडाउन. त्या सामन्यात ६ कॅरीत १०४ यार्ड. ते वजा केले तर आधीच्या १४ सामन्यांच्या मोसमात त्याच्या नावावर ११३ कॅरीत ३९३ यार्ड उरतात, म्हणजे जेमतेम साडेतीन.

एक सावधगिरी. लांब धावा काढून टाकल्या की खेळाडू सामान्य आहे असं सिद्ध होत नाही. लांब धाव हेच त्याचं कसब असतं, ते काढून उरलेल्यावर त्याला जोखणं अन्यायाचं आहे. फोड करायची ती त्याचं कसब कुठे आहे हे कळावं म्हणून. एडवर्ड्सचं मोकळ्या मैदानात होतं, गर्दीत नव्हतं, आणि हे २०२२ मध्येही तसंच होतं.

सरासरीबरोबर आणखी दोन गोष्टी काढा. पहिली, मधली कॅरी: सगळ्या कॅरी चढत्या क्रमाने लावा आणि बरोबर मधला आकडा घ्या. दुसरी, यशस्वी कॅरी. दहा यार्ड पुढे जायला संघाला चार डाउन, म्हणजे चार प्रयत्न, मिळतात. प्रचलित हिशेब असा की पहिल्या डाउनला हव्या असलेल्या अंतराच्या निम्मे, दुसऱ्याला ७० टक्के आणि तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण अंतर मिळालं तर ती कॅरी यशस्वी. तिसऱ्या डाउनला एक यार्ड हवा असताना काढलेले दोन यार्ड सरासरी खाली ओढतात, पण संघाच्या दृष्टीने ते सोन्याचे असतात.

आता व्हिडिओ. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

आकडे शंका दाखवतात, कारण दाखवत नाहीत. त्यासाठी डोळ्यांनी पाहावं लागतं, तेही थांबवून थांबवून. दोन्ही वर्षांच्या निदान २५-२५ कॅरी निवडा. निवडताना हायलाइट्स घेऊ नका, त्यात फक्त लांब धावाच सापडतात. सलग दोन-तीन सामने घ्या, एक तगड्या संघाविरुद्धचा आणि एक दुबळ्या.

वहीत पाच रकाने आखा: डाउन आणि अंतर, बॉक्समध्ये (चेंडू ठेवलेल्या रेषेजवळच्या पट्ट्यात) किती बचावपटू, पहिला हात कुठे लागला, तिथून पुढे किती गेला, आणि पडला कसा.

प्रत्येक प्ले दोनदा थांबवायचा. पहिल्यांदा स्नॅपच्या, म्हणजे चेंडू खेळात येण्याच्या, आधी. त्या रेषेच्या जवळ दाटीने उभे असलेले बचावपटू मोजा, आणि ब्लॉक करायला, म्हणजे त्यांना अडवायला, आपल्याकडे किती आहेत तेही मोजा. पाच लाइनमन आणि त्यांच्या टोकाला उभा राहणारा एक टाइट एंड, म्हणजे सहा. समोर आठ असतील तर कोणीतरी मोकळा सुटणार हे ठरलेलंच आहे. त्यात लाइनमनचा दोष नाही आणि रनिंग बॅकचाही. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पासची कोणाला भीती उरली नसेल तर बचाव असा पुढे सरकतो. मिशिगनचा २०२४ चा हंगाम आठवा. क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, गेला आणि त्या मोसमात तीन वेगवेगळ्या क्वार्टरबॅकनी सामने सुरू केले. पासिंग लंगडं पडलं की त्याची किंमत धावणारा मोजतो.

दुसऱ्यांदा थांबवायचं ते पहिला हात लागतो त्या क्षणी. माझ्या वहीतली एक साधी नोंद सांगतो. पहिला डाउन, दहा यार्ड. बॉक्समध्ये आठ. चेंडू हातात पडतो न पडतो तोच समोरच्या बचावफळीतला डिफेन्सिव्ह टॅकल ब्लॉक फोडून आत आलेला, म्हणजे पहिला हात रेषेच्या दीड यार्ड मागे. बॅक उजवा पाय रोवतो, खांदा खाली घालून त्या हाताखालून निसटतो, पुढे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या लाइनबॅकरला भिडतो आणि पुढच्या बाजूला कोसळतो. अधिकृत नोंदीत दोन यार्ड. माझ्या नोंदीत हात लागल्यापासून साडेतीन. टीव्हीसमोर बसलेला माणूस या धावेला “पुन्हा दोनच!” म्हणतो, पण ही त्या दुपारची त्याची सगळ्यात भक्कम धाव असू शकते.

उलटही घडतं. लाइनने दार सताड उघडलं, बॅक आठ यार्ड हात न लागता गेला आणि पहिल्याच टॅकलला, म्हणजे पकडीला, आडवा झाला. आठ यार्ड छानच, पण त्यात त्याची स्वतःची कमाई जवळपास शून्य. अशा धावा एका हंगामात भरपूर आणि पुढच्या हंगामात मोजक्या असतील, तर बदललंय ते दार.

टीव्हीचा नेहमीचा कॅमेरा बाजूने असतो, त्यात लाइनमधली फट दिसत नाही. एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या, मागून दाखवलेली रिप्ले मिळाली तर ती आधी पाहा. बॅकला काय दिसत होतं ते तिथूनच कळतं, आणि फट असूनही तो भलतीकडे वळला का, हेही. फट न दिसणं ही नजरेची किंवा घाईची चूक असते, तिला भित्रेपणाच्या खात्यात टाकू नका.

धडक कशी ओळखायची

कबड्डीत पकड झाल्यावरही चढाई करणारा दोघा-तिघांना ओढत मध्यरेषेकडे कसा झेपावतो, ते आपण लहानपणापासून पाहिलं आहे. इथेही नेमकं तेच पाहायचं: पकड झाल्यावर पाय चालू राहतात की थांबतात? मी ज्या खुणा पाहतो त्यांत ही सगळ्यात भरवशाची. थकलेला किंवा दुखावलेला माणूस आधी पाय थांबवतो.

मग खांदे. भिडण्याच्या क्षणी छाती उभी असेल तर टॅकल करणाऱ्याला पूर्ण अंग मिळतं, खांदे खाली असतील तर त्याला धरायला जागा उरत नाही. त्यानंतर पडण्याची दिशा. पुढे पडणारा प्रत्येक कॅरीला एक-दीड यार्ड जास्त घेऊन जातो. २०० कॅरींवर हा फरक केवढा होतो ते स्वतःच गुणून पाहा.

चौथी खूण चेंडू नसतानाची आहे आणि बहुतेक जण ती पाहतच नाहीत. क्वार्टरबॅक पास टाकायला मागे गेला की ब्लिट्झ करून, म्हणजे क्वार्टरबॅकवर चाल करून, येणाऱ्या लाइनबॅकरला बॅकनेच अडवायचं असतं. इथे टाळ्या नसतात, आकडे नसतात, फक्त वजनदार माणूस धावत अंगावर येत असतो. जो इथे छातीने सामोरा जातो, त्याला मी सहसा भित्रा म्हणणार नाही, त्या दिवशी त्याचे यार्ड कितीही कमी असोत.

साइडलाइनबाहेर जाण्यावरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. पहिल्या क्वार्टरमध्ये एक यार्ड हवा असताना बाहेर जाणं वेगळं, आणि तीस गुणांनी पुढे असताना अंग वाचवणं वेगळं.

जोराची धाव दिसते कशी, हे पाहायचं असेल तर २१ सप्टेंबर २०२४ चा यूएससीविरुद्धचा (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) सामना काढा. मिशिगन मागे, वेळ संपत आलेली, सगळ्यांना माहीत की धावच येणार. मिशिगनचा दुसरा बॅक कॅलेल मलिंग्ज याला सुरुवातीलाच धरलं गेलं होतं. तो त्यातून सुटला आणि ६३ यार्ड गेला. सामना संपायला ३७ सेकंद उरले असताना चौथ्या डाउनला एका यार्डावरून त्यानेच चेंडू आत नेला, २७-२४. मलिंग्ज आधी लाइनबॅकर होता, ते त्याच्या प्रत्येक भिडण्यात दिसतं.

शरीर काय सांगतंय

कॉलेजमध्ये दुखापतीची माहिती फार कमी बाहेर येते. बिग टेन या विद्यापीठ संघांच्या गटाने २०२३ पासून आणि एसईसी या गटाने २०२४ पासून सामन्याआधी खेळाडूंच्या उपलब्धतेची यादी द्यायला सुरुवात केली. पण खेळणार की नाही एवढंच त्यात कळतं. काय दुखतंय, किती दुखतंय, ते नाही. म्हणून डोळे उघडे ठेवायचे. तो एकाच बाजूला वळतोय का? चेंडू कायम एकाच हातात आहे का? पूर्वी तिसऱ्या डाउनला मैदानात असायचा, आता त्याला बाहेर काढतात का? गुडघ्याला नवीन ब्रेस आहे का? एडवर्ड्सने ओहायो स्टेटविरुद्धचे ते २१६ यार्ड हाताला प्लास्टर असताना काढले होते. यावरून एवढं शिकावं की दुखापत आहे म्हणजे खेळ खालावणारच असंही नाही, आणि खेळ चांगला आहे म्हणजे शरीर ठणठणीत आहे असंही नाही.

साउथ कॅरोलायनाच्या मार्कस लॅटिमोरला मी या संदर्भात विसरू शकत नाही. २०१० मध्ये पहिल्याच वर्षी ११९७ यार्ड आणि १७ टचडाउन. २०११ मध्ये डावा गुडघा गेला. २०१२ मध्ये परतला. २७ ऑक्टोबर २०१२ ला टेनेसीविरुद्ध उजव्या गुडघ्याला त्याहून भयंकर इजा झाली. दोन्ही संघ मैदानात त्याच्याभोवती जमा झाले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोने त्याला निवडलं, पण एनएफएलमध्ये एकही सामना न खेळता २०१४ मध्ये त्याने खेळ सोडला. एका शस्त्रक्रियेनंतर वर्षभरात उभ्या राहिलेल्या विशीतल्या मुलाबद्दल “पूर्वीसारखी उसळी नाही” म्हणताना आपण नक्की कशाबद्दल बोलतोय, ते लक्षात असलं पाहिजे.

ओझं मोजा

ओक्लाहोमा स्टेटच्या ऑली गॉर्डनने २०२३ मध्ये २८५ कॅरीत १७३२ यार्ड आणि २१ टचडाउन केले आणि सर्वोत्तम रनिंग बॅकचा डोक वॉकर पुरस्कार जिंकला. शिवाय ३९ पास झेलले. म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास वेळा चेंडू त्याच्याकडे. पुढच्या वर्षी १९० कॅरीत ८८०, सरासरी ६.१ वरून ४.६. संघही १० विजय-४ पराभवांवरून ३-९ वर घसरला. यात ओझ्याचा वाटा किती आणि कोसळलेल्या संघाचा किती, हे आकड्यांवरून वेगळं करता येत नाही. मात्र, गॉर्डन मऊ पडला असं छातीठोक सांगणाऱ्याला मी पहिला प्रश्न त्या २८५ कॅरींचा विचारीन.

क्विनशॉन जडकिन्सचं उदाहरण याची दुसरी बाजू दाखवतं. ओल मिसमध्ये (मिसिसिपी विद्यापीठ) पहिल्या वर्षी २७४ कॅरी, ५.७ ची सरासरी. दुसऱ्या वर्षी २७१ कॅरी, ४.३. संपला, असं वाटण्याइतकी घसरण. २०२४ मध्ये तो ओहायो स्टेटला आला, ट्रेव्हियन हेंडरसनबरोबर काम वाटून घेतलं, १९४ कॅरीत १०६० यार्ड काढले आणि राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. माणूस तोच होता. वाटणी बदलली, पुढची लाइन बदलली, आणि सरासरी साडेपाचपर्यंत वर आली.

संघातल्या जोडीदाराशी तुलना

माझ्या मते ही सगळ्यात प्रामाणिक कसोटी. लाइन तीच, क्वार्टरबॅक तोच, प्रतिस्पर्धी तेच, मग दुसरा बॅक काय करतोय?

२०२३ मध्ये एडवर्ड्सचा जोडीदार ब्लेक कोरम याची सरासरीही घसरली होती, ५.९ वरून ४.८. म्हणजे दार दोघांसाठी थोडं अरुंद झालं होतं. कोरम तर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर परतला होता. पण त्याच वर्षी त्याचे टचडाउन १८ वरून २७ वर गेले, तो मिशिगनचा एका मोसमाचा विक्रम आहे. गोल लाइनजवळची (टचडाउनच्या रेषेजवळची) गर्दीतली कामं त्याच्याकडे होती आणि ती तो फत्ते करत होता. एडवर्ड्स मात्र ४.२. २०२४ मध्ये लाइनचे जवळपास सगळे चेहरे नवे होते, त्या एकाच लाइनमागे मलिंग्जने १८५ कॅरीत ९४८ यार्ड काढले, ५.१ ची सरासरी. एडवर्ड्सने १२८ कॅरीत ५८९, म्हणजे ४.६.

मला एडवर्ड्स मनापासून आवडतो. पण हे दोन हंगाम समोर ठेवले की लाइनचं कारण पूर्ण पुरत नाही. काही भाग त्याच्या स्वतःच्या पदरात पडतो.

तुलनेत एक पथ्य पाळा: दोघांना कोणत्या वेळी पाठवलं जातं ते पाहा. एक जण गोल लाइनवर आणि दुसरा मोकळ्या दुसऱ्या डाउनला धावत असेल, तर थेट सरासरी शेजारी ठेवून चालणार नाही. सारखे डाउन, सारखं अंतर, एवढ्याच कॅरी निवडून मग जुळवा.

मत एका वाक्यात लिहा, मगच बोला

वही भरली की मत लिहून काढा. त्यात काळ असावा, काम असावं आणि कारण असावं. “तो संपला” हे मत नव्हे. “शेवटच्या सहा सामन्यांत पहिला हात लागल्यावर त्याला पूर्वीच्या निम्मेही यार्ड मिळत नाहीत, पाय लवकर थांबतात, आणि त्याच लाइनमागे जोडीदाराला मिळतायत” हे मत झालं. असं मत खोडता येतं, म्हणूनच त्यावर बोलता येतं. सहापेक्षा कमी सामने असतील तर मी लिहीतच नाही. दोन वाईट शनिवार कोणालाही येतात.

मनाबद्दल न लिहिलेलंच बरं. भीती, आळस, पैसा डोक्यात जाणं, यातलं काहीही व्हिडिओत दिसत नाही. २०२१ च्या जुलैपासून या मुलांना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, तेव्हापासून प्रत्येक वाईट खेळाला तेच कारण चिकटवायची सवय लागली आहे. पाय, खांदे, पहिला हात, पडण्याची दिशा दिसते. त्यावर बोला.

एडवर्ड्सबद्दल माझं वाक्य असं आहे: “तो गर्दी फोडणारा बॅक कधीच नव्हता. २०२२ मध्ये लांब धावांनी ते झाकलं, २०२३ आणि २०२४ मध्ये त्या कमी झाल्यावर ते दिसलं. धडक ओसरली नाही, ती आधीपासून तेवढीच होती.”

हे मी मेव्हण्याला पाठवलं. त्याने मान्य केलं नाही. २०२४ च्या कॅरींमध्ये खांदे आधीपेक्षा उभे दिसतात, असं त्याचं म्हणणं आहे आणि त्यासाठी त्याने चार धावांच्या वेळा लिहून पाठवल्या. त्यातल्या दोन मी पाहिल्या. एका धावेत तो बरोबर आहे. आणि त्याने विचारलंय की त्यांच्या हेंडरसनचं पान मी कधी काढणार: २०२१ ला ६.८, पायाच्या दुखण्यात गेलेल्या २०२२ ला ५.३, आणि २०२४ ला ७.१. येत्या शनिवारी सकाळी तेच काढायला बसणार आहे.